ठिणगीची वेळ : जुन्या मोटारसायकलचे इग्निशन आणि सोलापूरच्या गॅरेजमधला इतिहास

१/
सोलापुरातील एखाद्या जुन्या गॅरेजमध्ये आजही हे दृश्य पाहावयास मिळते. झाकण काढलेली बुलेट, तिच्यापुढे उकिडवा बसलेला मिस्त्री आणि त्याच्या चिमटीत सिगारेटच्या पातळ कागदाचा तुकडा. तो कागद धातूच्या दोन इवल्या टोकांमध्ये अडकवतो, इंजिन हलकेच फिरवतो आणि कागद ज्या क्षणी सैल होऊन सुटतो, तिथेच थांबतो. “लागलं टायमिंग,” एवढेच म्हणतो. मित्रांनो, आजचा धागा त्या कागदाच्या तुकड्याचा इतिहास सांगणारा आहे.

२/
यंत्रांचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावांनी लिहिला जातो. अमुक साली अमुक माणसाने अमुक यंत्र बनवले, इथे तो थांबतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या सवयीवर बोट ठेवले. यंत्र जन्मते एकदाच. ते वापरले आणि दुरुस्त केले जाते मात्र अनेक दशके. तो वापर आणि ती देखभाल हाही इतिहासच आहे, असे त्यांचे प्रतिपादन. सोलापूरच्या गॅरेजकडे आपण याच नजरेने पाहणार आहोत.

३/
प्रथम मूळ प्रश्न समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी पडताच सारे मिश्रण एकदम पेट घेत नाही. ज्योत प्लगपासून निघून सर्वत्र पसरण्यास काही वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पाडावी लागते. या ‘थोडे आधी’ला गॅरेजच्या भाषेत ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

४/
हे ‘थोडे’ किती? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. ज्योत पसरण्यास सेकंदाचे दोन हजारांश लागतात असे धरले, तर तेवढ्यात इंजिन फेऱ्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ३६ अंश फिरून जाते. तेच इंजिन १००० फेऱ्यांवर असेल, तर केवळ १२ अंश. म्हणजे ठिणगीची योग्य वेळ वेगानुसार बदलते. मोटारसायकलच्या इग्निशनचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

५/
पेट्रोलवर चालणारी पहिली मोटारसायकल म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती गोटलीप डाइमलर आणि विल्हेल्म माइबाख यांची १८८५ सालची लाकडी गाडी. तिच्यात ठिणगी नव्हतीच. सिलिंडरला जोडलेली एक नळी बाहेरून ज्योतीने तापवून लाल ठेवत आणि दाबले गेलेले मिश्रण त्या तप्त नळीत शिरले की पेटत असे. पेटण्याची वेळ चालकाच्या हाती नव्हती. नळी किती तापली आहे यावर सारे अवलंबून. वेग वाढवायचा, तर वेळेवर ताबा हवा, हे लवकरच कळून चुकले.

६/
तो ताबा विजेने दिला. फ्रान्समधील द दिओं-बूतों यांच्या लहान, वेगवान इंजिनांनी बॅटरी आणि कॉइलच्या ठिणगीवर पूर्वीच्या इंजिनांपेक्षा कितीतरी अधिक फेरे गाठले. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८७ साली स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला होता. १८९७ साली तो प्रथम वाहनावर बसवला गेला. १९०२ साली त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यास साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. आता बॅटरीवाचून, केवळ चुंबकाच्या बळावर, हवी तेव्हा ठिणगी पाडता येऊ लागली.

७/
पण ‘हवी तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे ठरवायचे कोणी? चालकाने. अनेक दशके ब्रिटिश मोटारसायकलींच्या हँडलवर याकरिता स्वतंत्र खटका असे. गाडी सुरू करताना तो मागे घ्यायचा, वेग आला की पुढे करायचा. विसरून पुढच्या स्थितीतच किक मारली, तर मिश्रण वेळेआधी पेटे, इंजिन उलट फिरे आणि किक पायावर उलटे. घोटा मोडण्याची भीती खरीच होती. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम-२० सारख्या लष्करी गाड्यांवरही हा खटका होता, आणि युद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या अशा गाड्या भारतातही नागरी वापरात आल्या.

८/
दुसरी वाट अमेरिकेतून आली. १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी मोटारींसाठी बॅटरीवर चालणारी इग्निशन पद्धत रूढ केली. तिचे चार अवयव लक्षात ठेवा : बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये वीज वाहते. इंजिनाच्या कॅमने पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना, मिटताना नव्हे. मिस्त्रीचा कागद नेमका हाच उघडण्याचा क्षण पकडतो.

९/
आता सोलापूरकडे वळू. भारतीय मोटार उद्योगाच्या आरंभकाळातील एक प्रमुख नाव याच शहराचे आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. भारतात मोटार बनवावी ही त्यांची धडपड ब्रिटिश सरकारच्या अनास्थेशी झगडत चालली आणि १९४४ साली त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. मुंबईच्या कुर्ल्यातील त्या कारखान्याच्या गाड्या पुढे देशभर धावल्या. त्या गाड्यांतही हेच पॉइंट आणि हाच कंडेन्सर होता. प्रीमियरचे पॉइंट घासणाऱ्या मिस्त्रीला मोटारसायकलचे पॉइंट परके वाटण्याचे कारण नव्हते.

१०/
स्वातंत्र्यानंतर मोटारसायकलीही देशात बनू लागल्या. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाची उभारणी झाली आणि ३५० सीसीची बुलेट भारतीय झाली. मुंबईत जावा गाड्या आणून विकणाऱ्या रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६० च्या दशकारंभी सुरू झाला. तीच गाडी १९७३ पासून येझदी म्हणून ओळखली गेली. एस्कॉर्ट्सची राजदूत दूधवाल्यांची आणि शेतकऱ्यांची गाडी ठरली. ‘बॉबी’ (१९७३) चित्रपटामुळे तिच्या एका छोटेखानी आवृत्तीला लोकांनी ‘बॉबी’ हेच नाव दिले.

११/
या काळाची अर्थव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. १९५१ च्या औद्योगिक कायद्याने कारखान्याने किती उत्पादन करावे हेही परवान्यावर ठरत असे. मागणी मोठी, पुरवठा तोकडा. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. अशा काळात जुनी गाडी टाकून नवी घेणे ही सामान्य माणसासाठी कल्पनाच होती. गाडी एकदा घरात आली की ती वीस-पंचवीस वर्षे चालवायची, आणि चालवायची म्हणजे दुरुस्त करीत राहायची. गॅरेजमधील कौशल्य या टंचाईत वाढले.

१२/
सोलापूर हे अशा कौशल्यासाठी अनुकूल शहर होते. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरण’, सुरू झाली. त्यानंतर गिरण्या वाढल्या आणि त्यांच्या भोंग्यावर शहराचा दिवस उगवू-मावळू लागला. फिटर, टर्नर, जॉबर अशी यंत्राची नाडी ओळखणारी माणसे त्यांनी घडवली. पुढे गिरण्या ओसरल्या, यंत्रमाग राहिले. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच गॅरेजमध्ये बोलल्या जातात. पण पॉइंट, प्लग आणि टायमिंग हे शब्द चारही भाषांत तेच आहेत.

१३/
प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. उदाहरण जुन्या बुलेटचे. प्रथम प्लग काढायचा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मग पॉइंटचे झाकण उघडायचे. टोके जळून एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा झाला असेल, तर बारीक कानसेने सपाट करायची. फार जळत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये, हे त्याचे काम. तो निकामी झाला की प्लगवरची निळी, टणक ठिणगी पिवळी आणि दुबळी होते.

१४/
मग गॅप. कॅमच्या सर्वांत उंच भागावर पॉइंट पूर्ण उघडले असताना दोन टोकांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचे. यासाठी फिलर गेजची पाती असतात. त्यानंतर टायमिंग. दाबाच्या फेऱ्यात पिस्टन वर येत असताना, माथ्यापासून सुमारे ०.८ मिलिमीटर खाली असेल, तिथे पॉइंट उघडू लागले पाहिजेत. ३५० सीसीच्या बुलेटमध्ये पिस्टनची धाव ९० मिलिमीटरची. त्यातील हे जेमतेम पाऊण मिलिमीटर. तिथे इंजिन थांबवून, पॉइंटची पाटी सैल करून, कागद सुटेपर्यंत फिरवायची आणि घट्ट करायची.

१५/
क्रमाला महत्त्व आहे. आधी टायमिंग लावून मग गॅप बदलली, तर केलेले काम वाया जाते; कारण गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप अलीकडे सरकते. उलट, कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणजे काही न करताही, केवळ वापराने, टायमिंग बिघडत जाते. ही गाडी काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा मिस्त्रीकडे का यायची, त्याचे उत्तर त्या झिजणाऱ्या टाचेत आहे.

१६/
चूक झाल्यास इंजिन सांगते. ठिणगी फार आधी पडली, तर चढावर टकटक आवाज येतो, किक पायावर उलटते, इंजिन तापते. फार उशिरा पडली, तर गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त पिते आणि सायलेन्सरची नळी भाजून निघते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि ही बुलेट केवळ वाऱ्यावर थंड होणारी. तिच्यात पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ आली, की तीच टकटक योग्य टायमिंगवरही ऐकू येई. मग मिस्त्री पुस्तकातला आकडा बाजूस ठेवून, कानाने ऐकत, पाटी केसभर मागे घेत असे.

१७/
हा ‘केसभर’ कुठल्याही पुस्तिकेत छापलेला नाही. पुस्तिका कारखान्यात, चांगल्या इंधनाचे गृहीत धरून लिहिली जाते. गाडी चालते ती मोहोळच्या किंवा अक्कलकोटच्या रस्त्यावर, मिळेल त्या पेट्रोलवर, मागे दोन माणसे आणि पुढे टाकीवर पोर बसवून. छापील आकडा आणि खरी परिस्थिती यांमधील अंतर भरून काढणारे ज्ञान मिस्त्रीच्या कानात आणि बोटांत होते. इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबून विचार करावा : या ज्ञानाचे दप्तर कुठे आहे?

१८/
बुलेटकडे एक सुंदर योजना होती. गाडीच्या डोक्यावर अँपिअर मीटर असे आणि हँडलजवळ डिकॉम्प्रेसरचा खटका. चावी लावून किक हळूच दाबली की पॉइंट मिटताना काटा एका बाजूस झुके आणि उघडताना मध्यावर परते. काटा मध्यावर आला, म्हणजे पिस्टन दाबाच्या माथ्यापाशी आला. मग डिकॉम्प्रेसरने दाब सोडून पिस्टन किंचित पलीकडे न्यायचा आणि पूर्ण जोराने किक मारायची. वडिलांकडून मुलाकडे गेलेला हा विधी वस्तुतः इग्निशनचा धडा होता. पॉइंट आत काय करत आहेत, ते काटा बाहेर सांगत असे.

१९/
आणि हँडलवरचा तो जुना खटका कुठे गेला? त्याची जागा दोन लहान वजनांनी घेतली. वेग वाढला की ही वजने बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे सरकवून ठिणगी आपोआप अलीकडे आणतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत ओढतात. तत्त्व जुनेच. वाफेच्या इंजिनाचा वेग आवरण्यासाठी जेम्स वॅट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वापरलेला गव्हर्नर याच फेकल्या जाणाऱ्या वजनांवर चाले. कापड गिरण्या ज्या युक्तीच्या आधाराने एकसारख्या चालत, तिचेच पिल्लू बुलेटच्या पॉइंटखाली बसले होते.

२०/
सर्वच गाड्यांना हा थाट नव्हता. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत टायमिंग एकदा लावले की सर्व वेगांना तेच. शेजारच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कायनेटिकने १९७२ साली लुना आणली. तिच्यात बॅटरीऐवजी चाकातच बसवलेला मॅग्नेटो होता, आणि पॉइंट त्या चाकाच्या खिडकीतून लावावे लागत. प्लग बहुधा मायकोचा. बॉशच्या भागीदारीतून १९५१ साली स्थापन झालेल्या कंपनीचे हे नाव. जर्मनीतील १९०२ सालचा तो शोध अशा वाटेने सोलापूरच्या दुकानातील फळीवर पोहोचला होता.

२१/
१९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानी भागीदारीच्या शंभर सीसी गाड्या आल्या आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन रूढ होत गेले. त्यात घासणारी टाच नाही, जळणारी टोके नाहीत. चुंबक फिरतो, संवेदक खूण पकडतो, मंडल ठिणगी पाडते. टायमिंग ढळतच नाही, मग लावायचे काय? बुलेटने जुनी पद्धत एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत जपली. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ मानके आली, तेव्हा ठिणगीची वेळ ठरवण्याचे काम प्रामुख्याने गाडीतल्या संगणकाकडे गेले होते.

२२/
यात एक बोलके प्रकरण आहे. पुण्याच्या बजाजने २००३ साली पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग देणारी डीटीएस-आय पद्धत आणली. तिच्या पेटंटवरून २००७ साली बजाज आणि टीव्हीएस यांच्यात वाद पेटला, मद्रास उच्च न्यायालयातून तो २००९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ठिणगी कुठे आणि कशी पाडावी, ही आता बौद्धिक संपदा होती. तिच्यावर वकील युक्तिवाद करत होते. भेसळीच्या पेट्रोलवर टायमिंग केसभर मागे घेण्याची युक्ती मात्र कोणी कधी नोंदवली नाही. ती सर्वांची होती, म्हणून कोणाच्याच कागदावर आली नाही.

२३/
जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. बिघडलेल्या टायमिंगची गाडी धूर ओके, पेट्रोल उधळी, पावसात बंद पडे आणि कधी घोटाही दुखावी. रात्री अपरात्री दवाखाना गाठायचा असताना जिने किक मागितली, तिची आठवण कोणी हसून काढत नाही. नव्या इग्निशनने हवा अधिक स्वच्छ राखली आणि गाडी विश्वासाची केली. प्रश्न निराळा आहे : जे ज्ञान अनावश्यक झाले, ते नोंदवले न जाताच संपावे काय?

२४/
गिरण्यांची कागदपत्रे थोडीफार तरी अभिलेखागारांत आहेत. गॅरेजचे दप्तर म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे आणि म्हाताऱ्या मिस्त्रीची स्मृती. पॉइंटच्या गाड्यांवर हात बसलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. ती गेली की ०.८ मिलिमीटर हा आकडा पुस्तिकेत उरेल. टकटक ऐकून तो किती आणि का बदलायचा, ते उरणार नाही.

२५/
म्हणून एक विनंती. तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल, तर त्यांच्याकडे जा. चहा सांगा. त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि नेमके प्रश्न विचारा : काम कोणाकडे शिकलात? पहिली गाडी कोणती उघडली? गेज नसताना गॅप कशाने मोजत होतात? भेसळीचे पेट्रोल कसे ओळखत होतात? मुद्रणावर तारीख आणि गाव सांगायला विसरू नका. तारीख-वार नोंदवलेली एक तासाची मुलाखत हे उद्याच्या अभ्यासकासाठी अस्सल साधन आहे.

२६/
आणि जमल्यास त्यांना एकदा तो कागद हाती धरायला लावा. दोन टोकांमधून तो सुटतो तो क्षण डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. १९०२ साली श्टुटगार्टमध्ये सुटलेला प्रश्न सोलापूरच्या उन्हात, पातळ कागदाच्या एका तुकड्याने, पुन्हा पुन्हा सोडवला गेला. तो सोडवणाऱ्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम अजून बाकी आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरच्या जुन्या गाडीची आणि तिच्या मिस्त्रीची आठवण खाली अवश्य लिहा.